पॉलिसीतला अपवाद क्रमांक सात

(मंडळाच्या सर्वसाधारण सभेत ‘आरोग्यविमा आणि आपण’ या विषयावर केलेले भाषण. वार्तापत्रासाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



आरोग्यविम्यावर कुणीतरी बोलावे असे कार्यकारिणीत ठरले आणि बँकेत कारकून आहोत म्हणून आमचे नाव पुढे आले. आम्ही वक्ते नाही. बी.कॉम. झालो, बँकेला चिकटलो, पंचवीस वर्षे खिडकीवर काढली. त्यामुळे आकडे, अर्ज, सही आणि शिक्का एवढेच आम्हाला कळते. आज तेवढ्याच भांडवलावर बोलणार आहोत.

बोलताना आम्ही ‘आम्ही’ म्हणू, ते आम्ही दोघे नवरा-बायको म्हणून. जे सांगायचे आहे ते आमच्या घरातले आहे. घरातले सभेत सांगावे की नाही यावर आमच्याकडे पंधरा दिवस चर्चा झाली. शेवटी ज्याची गोष्ट आहे त्यानेच सांगितले, “बाबा, सांगा. फक्त माझे नाव घेऊ नका.” म्हणून नाव घेत नाही.

आपल्यापैकी अनेकांनी आमच्या घरी एक मुलगी लहानाची मोठी होताना पाहिली. गणेशोत्सवात ती या मंचावर नाचली, वक्तृत्वात दोनदा बक्षीस घेतले. ती मुलगी आज आमचा मुलगा आहे. वय तेवीस, नोकरी करतो, संध्याकाळी आईला भाजी निवडून देतो. कुणी विचारले तर सुरुवातीला आम्ही “बाहेरगावी आहे” म्हणायचो. ते खोटे होते. तो इथेच होता, तीन खोल्यांच्या घरात, आमच्यासमोर. आज ते खोटे मागे घेत आहोत.

आता मूळ विषय. हा बदल नुसत्या कपड्यांचा नसतो. समुपदेशन असते, मानसोपचारतज्ज्ञांचे मत लागते, हॉर्मोनची औषधे चालू राहतात, वेळोवेळी रक्ततपासणी लागते, आणि काही जणांना शस्त्रक्रिया. सगळ्यांना सगळे लागते असे नाही. पण जे लागते ते वैद्यकीय असते. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर केली, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे. म्हणजे हा वेडेपणा नाही, आणि उपचारही लागू शकतात, या दोन्ही गोष्टी एकदमच मान्य झाल्या.

मग विम्याचे काय? आमच्या कुटुंबाची फ्लोटर पॉलिसी २०१६ पासून एकही हप्ता न चुकता चालू आहे. २०२३ मध्ये मुलाच्या छातीच्या शस्त्रक्रियेचे ठरले, तेव्हा आम्ही प्रथमच पॉलिसीची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. रोज लोकांना “वाचून सही करा” म्हणणाऱ्यांनी स्वतःची पॉलिसी सात वर्षे वाचली नव्हती, हेही कबूल करतो.

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये आरोग्य पॉलिसीतल्या अपवादांची एकसारखी भाषा ठरवून दिली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. सहा क्रमांक लठ्ठपणावरच्या उपचारांचा. आठ क्रमांक सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा. आणि मधला सात क्रमांक लिंगबदलाच्या उपचारांचा: शरीराची लक्षणे दुसऱ्या लिंगाची करण्यासाठीचा कोणताही उपचार, शस्त्रक्रियेसह, त्याचा खर्च मिळणार नाही. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत हे वाक्य जवळजवळ शब्दशः सापडते. घरी गेल्यावर आपापली पॉलिसी उघडून पाहावी.

तेव्हा शस्त्रक्रियेचे पैसे विम्यातून मिळाले नाहीत. एक लाख ऐंशी हजार रुपये खर्च आला. थोडे पीएफमधून काढले, थोडे सोनेतारणावर घेतले. कंपनीशी भांडण केले नाही, कारण करारात जे लिहिले होते त्यावर आमची सही होती. बँकवाल्याला एवढे कळते.

पण पुढे जे झाले ते करारात नव्हते.

जानेवारी २०२५ मध्ये एका रात्री मुलाच्या पोटात दुखू लागले. पहाटे रुग्णालयात नेले. अपेंडिक्स. त्याच दिवशी ऑपरेशन झाले. बिल ९६,४०० रुपये. कॅशलेस नाकारले गेले, म्हणून आम्ही पैसे भरले आणि नंतर क्लेम टाकला. महिनाभराने नकाराचे पत्र आले. त्यात तीन कारणे होती. एक, पॉलिसीत नाव मुलीचे आणि रुग्ण पुरुष, म्हणजे विमाधारक तोच आहे हे सिद्ध होत नाही. दोन, डिस्चार्ज समरीत ‘हॉर्मोन उपचार चालू’ असा उल्लेख आहे, म्हणून अपवाद क्रमांक सात लागू. तीन, हॉर्मोन उपचारांची माहिती कंपनीला दिली नव्हती.

अपेंडिक्सला मुलगा-मुलगी कळत नाही, बंधुभगिनींनो. पण पत्रात तसे लिहिले होते आणि खाली शिक्का होता. आमची बायको त्या रात्री म्हणाली, “उद्या याला डेंग्यू झाला तरी हेच म्हणतील.” तिथे आम्हाला खरी भीती वाटली. एका शस्त्रक्रियेचे पैसे न मिळणे वेगळे. एक वाक्य दाखवून माणसाचा सगळाच विमा काढून घेणे वेगळे.

मग आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो, कारण उद्या हे कुणाच्याही घरी उपयोगी पडेल. मुलगा-मुलगीच कशाला, लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्या सुनांचेही क्लेम नाव जुळत नाही म्हणून अडकतात.

पहिल्या कारणात थोडी चूक आमचीही होती. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने आणि २०२० च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र देण्याची व्यवस्था केली, त्यासाठी राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले. मुलाने २०२२ मध्ये अर्ज केला, प्रमाणपत्र मिळाले, आधार बदलले, पॅन बदलले, बँकेचे खातेही बदलले. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ मध्येच बँकांना अर्जात ‘तृतीय लिंग’ हा पर्याय ठेवायला सांगितले होते, त्यामुळे आमच्या खिडकीवर अडचण आली नाही. पण पॉलिसी बदलायची राहिली. नाव व लिंग बदलाची नोंद कंपनीकडून लेखी करून घ्यावी लागते, तिला एन्डॉर्समेंट म्हणतात. ती आम्ही केली नव्हती. नकारानंतर जुने आधार, नवे आधार, प्रमाणपत्र, शाळेचा दाखला आणि एकाच व्यक्तीची दोन नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र असा संच जोडला. ज्यांना अर्ज करायचा असेल त्यांनी प्रमाणपत्राचे त्या दिवशी लागू असलेले नियम जिल्हाधिकारी कार्यालयातून विचारून घ्यावेत. नियम बदलत असतात.

दुसऱ्या कारणावर सर्जनकडून चार ओळींचे पत्र घेतले: अपेंडिक्सच्या सुजेचा हॉर्मोन उपचाराशी संबंध नाही. अपवाद क्रमांक सात उपचाराला लागू होतो, माणसाला नाही. हे वाक्य आम्ही प्रत्येक अर्जात लिहिले.

तिसऱ्या कारणावर नियमच आमच्या बाजूने होता. पॉलिसी सलग ६० महिने चालली की लपवाछपवीच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये ती पाच वर्षांवर आणली गेली. आमची पॉलिसी २०१६ ची. म्हणून सांगतो, पॉलिसी खंडित होऊ देऊ नका. कंपनी बदलायची असेल तर पोर्ट करा, मधे सोडू नका.

कंपनीच्या तक्रार विभागाने मार्चमध्ये पुन्हा नकार दिला. मग एप्रिलमध्ये आम्ही बीमा लोकपालाकडे गेलो. त्यांचे कार्यालय इथे हैदराबादेतच आहे. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. पन्नास लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि लोकपालांनी दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. जुलैत व्हिडिओवर सुनावणी झाली. आमचे बोलणे पाच मिनिटांत संपले, कारण कागद क्रमाने लावले होते. ऑगस्टमध्ये ९१,२०० रुपये खात्यात जमा झाले. उरलेले हातमोजे, ड्रेसिंग वगैरे न मिळणाऱ्या बाबींत गेले, त्याबद्दल तक्रार नाही. मुलाने खात्याचा एसएमएस आईला दाखवला. ती म्हणाली, “पैशाचे राहू दे. तुला नाही म्हणाले होते, आता हो म्हणाले.”

आता सरकारी बाजू पाहू. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीय लिंगाला मान्यता दिली. २०१९ च्या कायद्याच्या पंधराव्या कलमात शस्त्रक्रिया, हॉर्मोन व लेसर उपचारांसाठी सर्वंकष विमा योजनेतून खर्च भागवण्याची तरतूद लिहिली गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालय आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण यांचा करार झाला, त्यातून ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ आले: प्रमाणपत्रधारक ट्रान्सजेंडर व्यक्तीला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण, त्यात हे उपचारही धरलेले. दुसऱ्या सरकारी योजनेतून तोच लाभ मिळत नसावा ही अट आहे. कुणाला गरज असेल तर आधी प्रमाणपत्र, मग कार्ड, आणि त्यानंतर ज्या रुग्णालयात जायचे तिथे ते पॅकेज खरोखर चालते का याची लेखी चौकशी, हा क्रम ठेवावा. योजना दिल्लीत जाहीर होते, पण ॲडमिशन काउंटरवर होते. आयुष्मानचा मदत क्रमांक १४५५५ आहे.

यातली विसंगती आपल्या लक्षात आली असेल. एकीकडे कायदा म्हणतो या उपचारांना विमा हवा. दुसरीकडे खासगी पॉलिसीत त्याच उपचारांना अपवाद. संसदेने केलेल्या कायद्यातले वाक्य आणि आमच्या कपाटातल्या पुस्तिकेतले वाक्य एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. आणि पुस्तिकेची ती भाषा ज्या प्राधिकरणाने ठरवली त्याचे मुख्य कार्यालय दिल्ली-मुंबईत नाही, आपल्या नानकरामगुड्याला आहे. इथून दोन बस बदलल्या की पोचतो.

हा प्रश्न मराठी मंडळाचा आहे का, असे एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला प्रेमाने विचारले. त्यांना दिलेले उत्तर इथेही देतो. आपण या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा निघून गेला, आपण इथे राहिलो. तेव्हापासून मातृभाषेच्या रकान्यात कितीदा तरी ‘इतर’ वर खूण केली आहे. यादीत नसणे काय असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. याच भूमीत फसली सन १३२९ चा, म्हणजे १९१९ चा, निजामाच्या काळातला कायदा होता. त्यात तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवायची आणि वॉरंटशिवाय अटक करायची तरतूद होती. तो तेलंगण उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये रद्द केला. म्हणजे शंभर वर्षे यांची नोंद पोलिसांच्या वहीत होत होती. आता ती विम्याच्या वहीत नीट व्हावी एवढेच मागणे आहे.

हे शहर दुसऱ्या बाजूनेही पुढे आहे. २०२१ मध्ये नारायणगुड्याला ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी ‘मित्र’ क्लिनिक सुरू झाले, आपल्या लोकांच्या काचीगुड्यापासून हाकेच्या अंतरावर. आमच्या मुलाला पहिला धीराचा शब्द तिथल्या समुपदेशकांनी दिला. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि ते बंद पडले. त्याच वर्षी टाटा ट्रस्टच्या मदतीने ते ‘सबरंग’ नावाने पुन्हा उघडले. पण मधल्या काळात आमच्यासारख्या घरांनी काय केले असेल, याचा विचार करावा. परदेशी देणगी एका सहीने थांबू शकते. विम्याचा हक्क कागदावर पक्का असेल तर तो असा थांबत नाही.

आता आमचा प्रस्ताव, कारण ही सभा आहे आणि सभेत ठराव व्हावा लागतो.

आपल्या मंडळाची सभासदांसाठी गट आरोग्यविमा पॉलिसी आहे. फक्त विम्यासाठी जमवलेला गट चालत नाही, पण आपले मंडळ विम्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहे, म्हणून आपल्याला ती मिळते. वैयक्तिक पॉलिसीत कंपनी देईल ते घ्यावे लागते. गटाच्या पॉलिसीत बोलणी करता येतात. आता हे ऐका: अपवादांच्या त्याच यादीत अठरावा क्रमांक बाळंतपणाचा आहे. वैयक्तिक पॉलिसीत तो बहुधा तसाच राहतो. पण आपल्या गट पॉलिसीत गेली कित्येक वर्षे बाळंतपणाला पैसे मिळतात. कसे? आपण नूतनीकरणाच्या वेळी मागितले, थोडा हप्ता जास्त दिला, कंपनीने अठरावा अपवाद काढला. जे अठराव्याचे झाले ते सातव्याचे होऊ शकते. देशातल्या काही मोठ्या उद्योगसमूहांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ते करून घेतलेही आहे.

म्हणून प्रस्ताव असा. एक, येत्या नूतनीकरणाचे दरपत्रक मागवताना कंपन्यांना दोन दर विचारावेत: अपवाद सातसह आणि अपवाद सातशिवाय. हवी तर रकमेची मर्यादा ठेवा, दोन लाख म्हणा. आकडा समोर आला की सभासदांनी मतदान करावे. दोन, वर्षाच्या मधे नाव किंवा लिंग बदलले तर एन्डॉर्समेंट करून मिळेल आणि त्या कारणाने इतर कोणताही क्लेम अडवला जाणार नाही, ही ओळ करारात घालून घ्यावी. हिला जास्त हप्ता लागू नये, आणि आमच्या मते ही पहिल्या मागणीपेक्षाही महत्त्वाची आहे. तीन, नियामकाला मंडळाच्या लेटरहेडवर निवेदन द्यावे, की २०१९ च्या कायद्याच्या पंधराव्या कलमाशी विसंगत असा अपवाद एकसारख्या भाषेतून काढावा. ते घेऊन आम्ही स्वतः नानकरामगुड्याला जाऊ.

“एकाच्या उपचाराचा भार सगळ्यांनी का उचलायचा?” असा प्रश्न येईल. रास्त आहे. पण विमा ही भिशीच आहे, फक्त नंबर कधी लागेल ते माहीत नसते. आम्हाला गुडघे बदलायचे नाहीत, तरी आमच्या हप्त्यातून इथल्या काका-मावशींचे गुडघे बदलले गेले आणि आम्हाला त्याचा आनंद आहे. आमच्याकडे आता बाळंतपण होणार नाही, तरी ज्यांच्याकडे होते त्यांच्या पेढ्यांत आमचाही वाटा असतो. भार किती, हे दरपत्रकाने कळेल. आकडा मोठा निघाला तर आम्हीच उभे राहून “नको” म्हणू. पण आकडा न विचारताच नको म्हणू नका. गट पॉलिसीवर अजून जीएसटी लागतो, वैयक्तिक पॉलिसीवरचा सप्टेंबर २०२५ मध्ये काढला गेला, तेही हिशेबात धरावे.

आणखी एक. मंडळाच्या ग्रंथालयात महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही दोघे टेबल मांडून बसू. कुणाचाही अडलेला क्लेम, कोणत्याही कारणाचा, घेऊन या. कागद लावून देऊ, लोकपालाचा अर्ज भरून देऊ. आणि कुणाच्या घरी आमच्यासारखी गोष्ट असेल, तर टेबलावर काही बोलण्याची गरज नाही. नुसती पॉलिसीची पुस्तिका ठेवा. आम्ही सातवे कलम उघडून ठेवू.

मुलगा आज सभागृहात आलेला नाही. खाली स्कूटरपाशी थांबला आहे, आईला घरी न्यायला. जाताना भेटलात तर “कसा आहेस रे?” एवढेच विचारा. “रे” म्हणा, त्याला बरे वाटेल.

अध्यक्ष महोदय, तीनही प्रस्ताव सभेपुढे ठेवतो. अनुमोदन कुणी द्यावे, ही विनंती.

जय महाराष्ट्र, जय तेलंगण.